किल्लीसाठी स्पॅनिश

सुरुवातीलाच स्पष्ट सांगते. ज्या घरात आपण राहतो त्या घराची किल्ली आपल्याकडे असणं हा माणसाचा हक्क आहे. तो मिळवण्यासाठी कुणालाही परक्या भाषेत टोमॅटो विकत घ्यायला लावणं हा अन्याय आहे. ज्यांना हे मान्य नाही त्यांनी पुढचं वाचू नये. त्यांच्याशी मी वेगळी भांडेन.

आता प्रकरण सांगते. माझी आत्या सदाशिव पेठेत एकटी राहते. पोस्टाच्या काउंटरवर बसून निवृत्त झाली, म्हणजे उभं आयुष्य लोकांना रांगेत उभं करण्यात गेलं. तिचा मुलगा, माझा दादा, स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाला नोकरी करतो. तिथल्याच मुलीशी त्यानं लग्न केलं. आत्या त्यांच्याकडे पहिल्यांदा गेली ती तीन महिने राहायचं म्हणून, आणि महिना व्हायच्या आत परत आली. विचारलं तर म्हणाली, हवा मानवली नाही. समुद्रकाठची हवा न मानवणारी आणि लक्ष्मी रस्त्याचा धूर मानवणारी बाई मी पहिल्यांदाच पाहिली.

खरं कारण हळूहळू बाहेर आलं. त्या फ्लॅटचं दार ओढलं की आपोआप बंद होतं. दोघं नवराबायको सकाळी कामाला जायचे. आत्याला कुणी कोंडलं नव्हतं, ती हवं तेव्हा बाहेर पडू शकत होती; फक्त परत आत येऊ शकत नव्हती, कारण तिच्याकडे किल्ली नव्हती. म्हणजे एकदा बाहेर पडलं की संध्याकाळपर्यंत जिन्यात बसायचं. तिनं किल्ली मागितली तेव्हा दादा म्हणाला, अगं आई, तुला भाषा येत नाही, बाहेर जाऊन काय करणार? दुकानात साधे पैसे कसे देणार? ती दिवसभर खिडकीतून खालची भाजीची दुकानं बघत बसली आणि मग विमानात बसली.

मी पादचाऱ्यांच्या हक्कांसाठी काम करते. पत्रकं लिहिते, सह्या गोळा करते, फुटपाथवर लावलेल्या गाड्यांच्या मालकांच्या शिव्या खाते. येरवड्याच्या तुरुंगात सुद्धा माणसाला आत किती दिवस राहायचं ते आधी सांगतात, असं मी दादाला फोनवर सुनावलं. तो म्हणाला, तू पत्रक छापू नकोस, प्लीज. मग त्यानंच तोडगा काढला. आईनं भाषा शिकावी. फार नाही, दुकानात जाऊन वस्तू मागणं, किंमत विचारणं, पैसे देणं. एवढं जमतंय असं व्हिडिओ कॉलवर दाखवलं की पुढच्या वेळी किल्ली.

मला हा तोडगा अपमानास्पद वाटला. आत्या म्हणाली, "वर्गाची फी किती आहे ते बघ."

एकटीला वर्गात कोपऱ्यात बसवतील म्हणून मलाही नाव घालावं लागलं. वर्ग घरापासून चालत जाण्याइतका जवळ होता, दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. खालून ड्रिलचा आवाज आणि वर आमची क्रियापदं. सर दिवसभर खराडीत कुठल्याशा मेक्सिकन कंपनीची बिलं तपासायचे आणि संध्याकाळी आम्हाला शिकवायचे. स्वतः स्पेनला कधी गेलेले नव्हते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मीही फुटपाथवर सलग शंभर पावलं कधी चाललेली नाही, तरी फुटपाथवर पत्रकं लिहितेच. बाकीची मुलं खराडीतल्या नोकऱ्यांसाठी आली होती. एकानं आत्याला विचारलं, काकू, तुमचं मोटिव्हेशन काय? आत्या म्हणाली, किल्ली. त्यानं जरा विचार केला आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं.

दुकानाचा धडा आला आणि वर्गात असंतोष पसरला. पुस्तकातला ग्राहक दुकानात शिरल्यावर आधी नमस्कार म्हणतो. मग वस्तू मागताना 'पोर फाबोर', म्हणजे कृपया. वस्तू मिळाल्यावर आभार. पैसे देताना पुन्हा कृपया. सुटे परत मिळाले की पुन्हा आभार. जाताना निरोप.

"अहो सर," आत्या म्हणाली, "पैसे माझे जाणार, माल त्याचा खपणार, आणि आभार मीच मानायचे?"

सर म्हणाले, काकू, तिकडे तशी पद्धत आहे. तोही मानतो. आत्यानं माझ्याकडे पाहिलं. मी उभी राहून सांगितलं की ग्राहकाला असं याचक करणाऱ्या पाठ्यपुस्तकाचा मी निषेध करते. सरांनी निषेध फळ्यावर स्पॅनिशमध्ये लिहून दाखवला आणि पुढे गेले. ते वाईट गृहस्थ नव्हते.

पुढे तर कहर होता. पुस्तकातला दुकानदार वस्तू दिल्यावर विचारतो, 'अल्गो मास?' आणखी काही हवंय का? पेठेत वाढलेल्या कुणालाच हे पटेना.

"हे तो रागानं विचारतो का?" आत्यानं विचारलं.

"नाही काकू, प्रेमानं."

"मग त्याचा धंदा बसलेला असणार."

आणि मग रांगेचा विषय. सरांनी वाचून सांगितलं की तिथल्या बाजारात लोक रांग लावत नाहीत. येणारा माणूस आल्या आल्या मोठ्यानं विचारतो, शेवटचं कोण? जो शेवटचा असेल तो हात वर करतो. मग आपण त्याच्यामागे, हे लक्षात ठेवायचं आणि कुठेही उभं राहायचं. इतकी वर्षं पोस्टात काढलेल्या बाईला हे ऐकवणं म्हणजे क्रूरपणाच. रांग नाही आणि तरी भांडण नाही, हे तिला शारीरिकदृष्ट्या सोसेना. तिनं पाणी मागितलं. "इथे विचारून बघा," ती म्हणाली, "शेवटचं कोण म्हणून. एकजणही हात वर करणार नाही. पहिलं कोण विचारा, सगळे करतील."

सरावासाठी सरांनी वर्गातच बाजार मांडला. प्रत्येकानं घरून थोडी भाजी आणायची, एकानं विकायची, एकानं घ्यायची. एका मुलानं भेंडी आणली होती. आत्या त्याच्या बाकापाशी गेली, नमस्कार म्हणाली, कृपया म्हणाली, सगळं पुस्तकाप्रमाणे, आणि बोलता बोलता प्रत्येक भेंडीचं टोक मोडून बघत गेली. कट्, कट्, कट्. सर धावत आले. तिकडे भाजीला हात लावायचा नाही, दुकानदारच काढून देतो. आत्या हातातली भेंडी तशीच धरून उभी राहिली. हात न लावता भाजी कशी कळणार? सर म्हणाले, विश्वास ठेवायचा. मला वाटतं त्या संध्याकाळी आत्या वर्ग सोडणार होती. जिना उतरताना ती म्हणालीही, की दोन ओळी तोंडातून सरळ येत नाहीत, या वयात काय जमणार आहे, खिडकी आहेच. मग दवाखान्याच्या पायरीवर क्षणभर टेकली आणि म्हणाली, "मला फक्त खाली उतरून परत वर यायचं होतं गं."

इथे मी सूत्रं हातात घेतली.

आमच्या चळवळीत एक अनुभव आहे. जे घोषणेत बसवलं ते माणूस मरेपर्यंत विसरत नाही. पत्रक लोक शेंगदाण्यांना वापरतात, भाषण कुणी ऐकत नाही, पण घोषणा डोक्यात राहते. मी आत्याची सगळी वाक्यं घोषणांमध्ये बसवली. नियम नेहमीचाच: पुढारी अर्धी ओळ टाकतो, जमाव उरलेली पुरी करतो. मी पुढारी, आत्या जमाव. घरात पंखा घरघरतो म्हणून आम्ही गॅलरीत उभ्या राहायचो, मूठ वर करून.

"पागो कोन," मी.

"तार्खेता," आत्या. कार्डानं देते.

"पागो एन."

"एफेक्तीबो." रोख देते.

"तिएने."

"काम्बिओ." सुटे आहेत का?

आठवडाभरात आत्या धडाधड बोलायला लागली. पोळ्या लाटताना मी मागून 'पागो एन' म्हटलं की लाटणं वर जायचं आणि 'एफेक्तीबो' बाहेर पडायचं. वर्गात मी तिच्या शेजारी बसायचे, अर्धी ओळ पुटपुटायचे, ती उरलेली अशी ठणकावायची की खालचं ड्रिल थांबायचं. सरांनी तिचं कौतुक केलं. समोरच्या इमारतीतले काका, निवृत्त शिक्षक, यांनी मात्र आपल्या गॅलरीत पुठ्ठा टांगला: 'परदेशगमनास शुभेच्छा. लवकर निघावे.' आम्ही दुर्लक्ष केलं. विरोध झाला की चळवळ योग्य दिशेनं चाललीय असं समजायचं, हे मला शिकवलेलं आहे.

चाचणी रविवारी दुपारी ठरली; तिकडे तेव्हा सकाळ. टेबलावर लॅपटॉप, त्यात व्हॅलेन्सियाचं स्वयंपाकघर. वहिनीनं ओट्यावर खरंच दुकान मांडलं होतं. टोमॅटो, अंडी, एक कोबी, बाजूला वजनकाटा. तिला या सगळ्याची मजा वाटत असावी, कारण तिनं गळ्यात एप्रन घातला होता. तिला मराठी 'चला' आणि 'बास' एवढंच येतं. दादा तिच्या मागे हाताची घडी घालून उभा होता, बोर्डाच्या परीक्षेतल्या पर्यवेक्षकासारखा. त्यानं आधीच बजावलं, की मी चित्रात यायचं नाही आणि तोंडही उघडायचं नाही. मी कपाटाआड उभी राहिले. आत्यानं इस्त्रीची साडी नेसली होती, खांद्याला पिशवी.

सुरुवात झकास झाली. नमस्कार म्हणाली. टोमॅटोकडे बोट दाखवून एक किलो म्हणाली. हात लावला नाही, लावता येतच नव्हता म्हणा. वहिनीनं टोमॅटो तोलले आणि प्रेमानं विचारलं, अल्गो मास? आत्या नाही म्हणाली. वहिनीनं आकडा सांगितला आणि पैशासाठी हात पुढे केला.

आणि आत्या थांबली.

तिची मूठ हळूहळू वर आली, तोंड उघडलं, पण आवाज येईना. तेव्हा कपाटाआड माझ्या लक्षात आलं की काय घडलंय. आत्याला सगळी वाक्यं पाठ होती, पण अर्धीच. फक्त जमावाची. पहिली अर्धी ओळ कायम माझी होती आणि मला तोंड उघडायला बंदी होती. ती मूठ वर करून पुढाऱ्याची वाट बघत उभी होती. वहिनीचा हात पुढे, आत्याची मूठ वर. वहिनी घाबरून अर्धं पाऊल मागे सरकली. दादा म्हणाला, आई, हात खाली घे, तिला वाटेल तू मारतेयस.

मी कपाट चावायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. घड्याळ टिकटिकत होतं. तेवढ्यात उघड्या गॅलरीतून, समोरच्या इमारतीतून, झोपमोड झालेल्या माणसाचा कोरडा आवाज आला.

"पागो एन."

"एफेक्तीबो," आत्या गरजली.

"तिएने."

"काम्बिओ."

"झालं?" समोरचे काका म्हणाले. "आता टेकतो जरा." आणि त्यांनी खिडकी लावून घेतली.

वहिनीनं टाळ्या वाजवल्या. दादा मात्र पुढे झाला आणि म्हणाला की हे ग्राह्य धरता येणार नाही, बाहेरून मदत झाली. पुन्हा तयारी कर, पुढच्या महिन्यात बघू. 'बघू' हा शब्द मी महापालिकेत इतक्या टेबलांवर ऐकलाय की माझं रक्त उसळलं. मी कपाटाआडून बाहेर येणार, तोच आत्यानं खांद्यावरची पिशवी काढून टेबलावर ठेवली आणि खुर्ची ओढून बसली. काउंटर बंद करताना बसायची तशी.

"गेल्या दिवाळीला तू इथे आलास," ती म्हणाली. "तुझा इथला नंबर बंद पडलेला. फोनवरून पैसे जाईनात. खिशात सगळ्या पाचशेच्या नोटा. दूध आणायला गेलास आणि हात हलवत परत आलास. दुकानदार म्हणाला सुटे नाहीत, स्कॅन करा. आठवतं?"

दादा म्हणाला, त्याचा इथे काय संबंध?

"मग तीन आठवडे मी तुझ्यामागे फोन घेऊन फिरले. चहाला मी, रिक्षाला मी. तू केस कापायला गेलास तर सलूनमध्ये बाकावर मी पेपर वाचत बसले, शेवटी स्कॅन करायला. तो न्हावी मला विचारत होता, बाळाचे किती बारीक करू." तिचा आवाज जराही चढला नाही. "तुला मराठी येत नव्हतं का? उत्तम येत होतं. तरी पैसे देता येत नव्हते. मी तुझ्याकडून घराची किल्ली काढून घेतली होती का?"

वहिनी एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होती. तिनं दादाला विचारलं, काय चाललंय. तो वजनकाट्यावरचे टोमॅटो उतरवायला लागला. मग मी चित्रात आले. बंदी मोडायची वेळ असते ती हीच. पण स्पॅनिशमध्ये मला जे नीट येत होतं ते सगळं पत्रकाचं होतं. हौसेनं सरांकडून शिकून घेतलेलं. त्यामुळे मी मूठ आवळून म्हणाले, "एक्सिखिमोस ला याबे." आम्ही किल्लीची मागणी करीत आहोत.

वहिनीचा चेहरा बघण्यासारखा झाला. तिनं एप्रन काढला आणि दादाला काहीतरी विचारलं, भराभर. सरांची स्पॅनिश त्यापुढे फारच सावकाश होती. दादानं मान खाली घालून दोनचार शब्दांत उत्तर दिलं. नंतर त्यानंच सांगितलं ते असं, की तिला हे माहीतच नव्हतं. आईकडे पहिल्या दिवसापासून किल्ली आहे असं ती धरून चालली होती. सासूबाईंना बाहेर पडायला आवडत नाही, त्या शांत स्वभावाच्या आहेत, असं तिचं मत होतं. आत्याला आजवर कुणी शांत स्वभावाची म्हटलं नव्हतं. त्याचाही आत्याला राग आला.

"मला भीती वाटते गं," दादा शेवटी म्हणाला. "रस्त्यात पडलीस, चक्कर आली, तर कुणाला काय सांगशील?"

यावर माझ्याकडे पत्रक नव्हतं. खरंच नव्हतं. माझ्या मागण्यांमध्ये समोरचा घाबरलेला असू शकतो याची सोयच नसते.

"पडले तर मराठीत ओरडेन," आत्या म्हणाली. "पडलेल्या बाईकडे लोक भाषेचं सर्टिफिकेट मागत नाहीत." मग जरा थांबून, हलक्या आवाजात, "तुमचा पत्ता माझ्याकडून पाठ करून घे. तेवढा पूर्ण दे, अर्धा नको."

वहिनी ओट्यापासून गेली आणि परत आली. हातात किल्ली होती, साधी, पितळेची, निळ्या दोऱ्यात अडकवलेली. ती तिनं कॅमेऱ्यासमोर इतकी जवळ धरली की पडद्यावर दुसरं काही दिसेना.

आत्या थंडी संपल्यावर गेली. पहिल्याच सकाळी ती एकटी जिना उतरून समोरच्या भाजीवालीकडे गेली. आल्यावर तिनं फोनवर जे सांगितलं त्यानं माझी निराशा झाली, हे नोंदवते. काही बोलावंच लागलं नाही. बोट दाखवलं, बाईनं तोललं, यंत्रावरचा आकडा तिच्याकडे वळवला, आत्यानं नोट दिली, सुटे परत आले. कृपया नाही, आभार नाहीत, शेवटचं कोण नाही. वर त्या बाईनं न मागता पिशवीत हिरव्या पाल्याची जुडी टाकली, दिसायला कोथिंबीर, वासाला काहीच नाही. मी विचारलं, मग आपण एवढी मेहनत केली ती कशाला? ती म्हणाली, तुझा आवाज मोकळा झाला.

दुसऱ्या आठवड्यात तिनं किल्ली हरवली. बाजारात की बागेत, कुणास ठाऊक. मला वाटलं, आता दादा म्हणणार, बघ, सांगितलं नव्हतं? आत्या जिन्यात बसून राहिली नाही. फोन वर घरातच राहिलेला; पाठ केलेला पत्ता तिनं खालच्या बेकरीवाल्याला म्हणून दाखवला, दादाचा नंबर बोटांनी सांगितला, त्यानं दादाला फोन लावला आणि तिला एक खुर्ची दिली. दादा ऑफिसातून धावत आला तेव्हा ती खुर्चीत बसून पाव खात होती. तो रागावला म्हणे. तिनं शांतपणे सांगितलं, "हरवायला आधी असावी लागते." त्याच दिवशी त्यानं नवी किल्ली करून आणली, आणि एक जास्तीची बेकरीवाल्याकडे ठेवली.

आता त्याचे फोन मला येतात. ती दिवसभर घरी नसते. फोन उचलत नाही. जेवायला कधी येणार ते सांगत नाही. तूच तिला समजावून सांग, तुझं ऐकते ती.

मी त्याला म्हणाले, जी काही तक्रार असेल ती लेखी पाठव.